ऐकणारा दगड

कानदऱ्याच्या पठारावर त्या सोमवारी बैलगाड्या होत्या सदतीस. सायकली अकरा. शिवऱ्याहून माणसं कोंबून आलेला टेम्पो एक. नारळांची पोती चार, त्यातलं एक फुटलेलं. पुरुष जेवढे, त्याच्या दुपटीनं बायका. कर्णा एक, तोही नादुरुस्त. डॉक्टर एकही नव्हता.

मोजायची ही खोड कुंडलिकची. एकाहत्तर साली फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाला आणि भोरच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागला. घरी माळ्यावर त्यानं हौशी बिनतारीचं सामान मांडलं होतं. सरकारी परवाना भिंतीला टांगलेला आणि यंत्र मात्र पुण्याच्या जुन्या बाजारातल्या भंगारातून जमवलेलं. गावात कुणाचा रेडिओ घोगरला की लोक त्यालाच हाक मारत. आजही तो कर्ण्यासाठीच आला होता. निदान मठाच्या संस्थानाला तरी त्यानं तसंच सांगितलं होतं.

कानदऱ्याची रीत जुनी, बाबापेक्षा कितीतरी जुनी. डोंगराच्या दोन अंगांना, भोरच्या वाटेवर आणि वेल्ह्याच्या वाटेवर, एकेक भोक पडलेला काळा दगड आहे. त्या भोकाला तोंड लावायचं आणि देवाच्या कानात गाऱ्हाणं सांगायचं. आधी नाव सांगायचं, मग कुणाची कोण, मग गाव, आणि मग दुःख. देवाला हजार लेकरं, त्याचा घोटाळा व्हायला नको. त्या वेळी बाकीच्यांनी आंब्याच्या झाडापलीकडं थांबायचं. सांगून झालं की माथ्यावर पोचेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. पिढ्यान्‌पिढ्या लोक असं सांगत आले. दगड ऐकत आला आणि गप्प राहिला. त्यानं कुणाचं भलं झालं नाही, पण वाकडंही झालं नाही.

मग तीन वर्षांपूर्वी मेणबाबा आले, आणि देव उत्तरं द्यायला लागला.

मठाच्या पडवीत सागवानी खांबाला पाठ टेकून बाबा बसले होते. दोन्ही कानांत बोट बोट मेण. डोक्यावर जटांचा एवढा भारा की खाली शेळी व्यावी. मान सरळ, खांबाला चिकटलेली. ती मान म्हणे वर्षभरात वळलेली नाही, केवढी ती तपश्चर्या! डोळे मिटलेले होते. शेजारी त्यांचा पट्टशिष्य मानसिंग उभा होता. पलटणीत तारा ओढण्याच्या कामावर होता, तिथून सुटून भक्तीला लागलेला. तो गर्दीला हातानं गप्प करायचा आणि मागच्या कोठीत शिरायचा. जरा वेळानं बाबांच्या ओठांना कंप सुटायचा.

"मेण कानात, देव प्राणात!" बाबा गरजले. "जगाचं ऐकणं सोडलं, दगडाचं ऐकणं धरलं! कोण रं ती... अंबूबाई! सोनबाची विधवा! आंबवड्याची! ये पुढं! म्हस आटली म्हून रडतीस व्हय दगडापाशी?"

अंबूबाईनं जागच्या जागी लोळण घेतली. गर्दीतून एकच हुंकार उठला.

"म्हशीचंबी कळतं गं बया!"

"म्हशीचं काय घेऊन बसलीस, माझ्या धाकट्या जावंनं डोरलं चोरल्यालं सांगितलं व्हतं. नावानिशी!"

कुंडलिक कर्ण्याच्या पेटीपाशी उकिडवा बसला होता. त्याचं लक्ष अंबूबाईकडं नव्हतं. खांबाच्या सावलीत बसलेल्या आपल्या बहिणीकडं तो पाहत होता. रतनबाई, थोरली आक्का, कोंडवलीच्या गेनूला दिलेली. लग्नात तिच्या दंडात वाकी रुतत होती. आता तीच वाकी कोपरावरून घसरून मनगटापाशी येऊन थांबली होती.

आक्काला क्षय होता. भोरच्या दवाखान्यात तिला स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं चालू होती, रंगही सुधारत होता. माघात ती सासूबरोबर इथं आली. बाबांनी तिला नावानं हाक मारली, तिचा खोकला सांगितला, थुंकीतलं रक्त सांगितलं, आणि वर फर्मावलं, "सुई लोखंडाची! लोखंड अंगात घुसलं की देव भाईर पडतो! सुया बंद!"

त्या दिवसापासून सुया बंद झाल्या. दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी कुंडलिकला टेबलाशी बसवून समजावलं होतं, "मास्तर, औषध अर्ध्यात सोडणं हे न घेण्यापेक्षा वाईट. उरलेले जंतू औषधाला सरावतात. मग तेच इंजेक्शन द्या नाहीतर पाणी टोचा, सारखंच. तिला लवकर परत आणा."

त्यानं आक्काला चार वेळा समजावलं. ती शांतपणे ऐकायची आणि म्हणायची, "कुंडलिक, तू लई शिकलास बाबा. पन मी दगडाला बोलले ते त्यांना कसं कळलं, तेवडं सांग. तू सांग, मी उद्या सुई घेते."

ते मात्र त्याला सांगता येत नव्हतं.

*

कर्ण्यातला घोळ साधा होता. माइकची तार पताकांच्या दोरीला गुंडाळून नेली होती. या दोऱ्या कानदऱ्याचं भूषण. खिंडीतल्या म्हसोबाच्या घुमटीपासून मठापर्यंत एक, आणि पलीकडच्या कड्यावरच्या घुमटीपासून दुसरी. मनगटाएवढ्या जाड, भगव्या फडक्यात गुंडाळलेल्या, पताकांनी लदलेल्या. प्रत्येक भाविकानं आपली एक पताका बांधायची, आणि कुठं दोरी सुटलेली, ताणलेली दिसली तर हात जोडून ती नीट करायची. माकडांनी ओढली तर कोंडवलीची पोरं धावत जाऊन बांधून येत. तो पुण्याचा वाटा होता.

कुंडलिकनं पेटीचा आवाज पूर्ण वाढवला, घरघर कुठून येते ते ऐकावं म्हणून. कर्ण्याला कान लावला. घरघरीच्या खाली, लांबवर, एक बाई कुजबुजत होती.

"...मी कमळाबाई, रामभाऊची, वरव्याची..."

त्यानं माइकची तार दोरीपासून हातभर लांब केली. बाई गेली. परत जवळ आणली. बाई आली. पुन्हा लांब, पुन्हा जवळ. त्याच्या अंगावर काटा आला, भक्तीचा नव्हे.

थोड्या वेळानं बाबा ओरडले, "कमळाबाई! रामभाऊची! वरव्याची!"

"झाला का रं कर्णा?" मानसिंगनं कोठीच्या दारातून विचारलं.

"होतोय," कुंडलिक म्हणाला. "एक सुटा भाग लागेल. पुढच्या सोमवारी आणतो."

उतरताना तो वाट सोडून दोरीच्या कडेनं खिंडीत चढला. घुमटीत म्हसोबाच्या मागं हात घातला, जे होतं ते पाहिलं आणि जसंच्या तसं ठेवलं. मग खिंडीच्या पलीकडं वाकून पाहिलं. खाली दरीत आंब्याशेजारी काळा दगड दिसत होता. दगडापासून खिंडीपर्यंत दोरी नव्हती, तार नव्हती, काही नव्हतं. होती ती नुसती हवा.

तो तिथंच बसला आणि हसायला लागला. हसणं फार चांगलं नव्हतं. गेली दोन वर्षं तो आणि पुण्याचे त्याचे हौशी रेडिओवाले मित्र डोंगरावर एक रिपीटर बसवायची स्वप्नं पाहत होते. एकाचा क्षीण आवाज पकडून जोरानं पुढं पाठवणारं यंत्र. दऱ्यांतले आवाज तिथवर पोचत नाहीत, म्हणून खिंडीखिंडीत स्वस्तातले रिसीव्हर ठेवायचे आणि तारेनं एका जागी जोडायचे, असा बेत होता. तार परवडत नव्हती. राखणीला माणूस मिळत नव्हता. आणि इथं ते सगळं उभं होतं, आणि राखणीला तीन तालुक्यांतले भाविक होते.

शाळेतल्या गणिताच्या साहेबराव गुरुजींना तेवढं त्यानं विश्वासात घेतलं.

"मग आत्ताच उपटून आणायचं की!" साहेबराव म्हणाले.

"उपटलं तर म्हणतील मास्तरानं देव बाटवला. माझ्या आक्कानं कानांनी ऐकलं पाहिजे. तुम्ही फक्त सोमवारी दगडापाशी जा. नाव सांगू नका, गाव सांगू नका. तोंड लावा आणि एकोणतिसाचा पाढा म्हणा."

"एकोणतिसाचाच का?"

"देवाला कुणी मागितलेला नसणार."

*

पुढच्या सोमवारी गर्दी वाढली होती. आक्का आणि गेनू सकाळीच वर आले होते. सासू, ठकुबाई, गुडघ्यांमुळं मागं राहिली होती. तिचं गाऱ्हाणं अजून सांगायचं होतं. गेनू खांद्यावर टॉवेल टाकून उभा होता. गडी भला, पण आईपुढं कधी मान वर केलेली नाही.

"दाजी, बसा की," कुंडलिक म्हणाला.

"उभाच बरा हाय. आईला यिऊ दे."

कुंडलिकनं माइकची तार पेटीतून काढली. तिच्या जागी दुसरी जोडली. तिच्या टोकांना दोन टाचण्या बांधलेल्या होत्या. पताका नीट करतोय असं दाखवत त्यानं दोरीच्या फडक्यात त्या खोलवर खुपसल्या. आतल्या दोन तारांना एकेक. बाबा रंगात आले होते.

"कानात मेण! मुखात येन! येन म्हंजे काय? तुमाला न्हाई कळायचं! ते देवाला कळतं! तुमी सुया टोचता, गोळ्या गिळता, देव म्हनतो, ह्या मानसात माला बसाया जागाच न्हाई—"

कुंडलिकनं पेटी चालू केली.

कर्णा खरखरला आणि पठारभर एक म्हातारा आवाज घुमला, मोठा, स्वच्छ, कानाशी बोलल्यासारखा.

"मी ठकुबाई, गेनूची आई, कोंडवलीची."

कानांत बोट बोट मेण घातलेले बाबा टाचणी टोचल्यासारखे दचकले. गर्दीनं ते पाहिलं नाही. गर्दी गुडघ्यांवर पडली होती.

"दगूड बोलला! परतेक्ष दगूड बोलला!"

"गप गं, ऐकू दे!"

हे ठरलेलं नव्हतं. साहेबराव दगडापाशी वेळेवर पोचले होते. पण मागून काठी टेकत म्हातारी आली, आणि गुरुजींनी आपल्या रीतीप्रमाणं हात जोडून म्हटलं, "तुमी व्हा म्होरं, मावशी," आणि आंब्यापलीकडं जाऊन उभे राहिले. तिथून त्यांना एक शब्द ऐकू येत नव्हता. वर चारशे माणसं ऐकत होती.

"देवा, गेल्या माघात तुझ्यापाशी बोलले. सून खोकतीया, घर नासतंय, लेकरू न्हाई, काम व्हत न्हाई. हिला ने म्हनले. दुसऱ्याच सोमवारी तू बाबाच्या तोंडानं सुया बंद करवल्यास. तवा कळलं मला, तू ऐकलंस. लई उपकार."

कुंडलिकचा हात बटणावर होता. बंद करायला अर्धा क्षण लागला असता. त्यानं आक्काकडं पाहिलं. ती कर्ण्याकडं बघत होती, तोंड किंचित उघडं, शाळेत नव्यानं आलेलं पोर फळ्याकडं बघतं तशी. त्यानं बटण फिरवलं नाही. का, हे त्याला पुढं कधीच नीट सांगता आलं नाही.

"पन लई दिस लागलं रं. अजून चालती फिरती हाय. लई हाल नको करूस, पोर गुनाची हाय, खरंच गुनाची. पन ने. दिवाळीआधी ने. दुसरी सोयरीक आलीया, ते लोक दिवाळीपातूर थांबत्यात. माझ्या गेनूचं घर बसू दे. म्हसोबाला कोंबडं दीन."

कर्ण्यात काठी आपटल्याचा, बांगड्यांचा आणि मग लांब जाणाऱ्या पावलांचा आवाज आला. गेनूच्या खांद्यावरचा टॉवेल खाली पडला, तो त्यानं उचलला नाही.

मग कर्ण्यात कुणीतरी घसा खाकरला.

"एकोणतीस एके एकोणतीस. एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी..."

"आँ?" वरव्याचा रामभाऊ उठून बसला. "देव पाढं म्हनतोय व्हय?"

"अरं, हे तर आमचं साहेबराव गुरुजी! माझ्या पोराला ह्याच आवाजात बडवत्यात!"

"बाबा, ह्यांचं नाव सांगा की! म्हस आटली का गुरुजींची?"

कुणीतरी हसलं. हसू पसरलं तसं बिघडत गेलं. रामभाऊनं पुढं होऊन बाबांच्या जटांना हात घातला. भारा एका झटक्यात हातात आला. आत, कानामागच्या हाडाला टेकेल असं, बटणाएवढं काळं ऐकायचं यंत्र होतं. त्याच्या तारेचं टोक खांबाच्या भोकात गेलं होतं. वर्षभर न वळलेली मान आता चारी बाजूंना वळत होती.

खांबामागच्या कोठीतून मानसिंगला ओढून काढलं तेव्हा त्याच्या गळ्यात पलटणीतला माइक होता आणि कानांवर तसेच जुने हेडफोन. त्याला चार-सहा बसल्या. कुंडलिक मधे पडला.

"मारू नका. ह्याच्याकडून ऐका. सांग रे, कसं केलंस?"

मानसिंगनं नाकाचं रक्त पुसलं. कारागिराला विचारल्यावर तो बोलतोच.

"दगडात तपकिरीचा डबा. टेलिफोनचं बोलायचं भांडं, एक ट्रान्झिस्टर, बॅटरीचं दोन सेल. सोमवारी पहाटं अभिषेकाच्या टायमाला सेल बदलायचं. त्याचा बिनतारी जोर खिंडीपातूरच. खिंडीत म्हसोबामागं खिशातला रेडिओ, त्याच आवाजाला लावल्याला. पलीकडच्या कड्याव तसाच दुसरा. दोन्हींच्या तारा पताकांच्या दोरीतनं कोठीत. मी ऐकायचो आन बाबाला सांगायचो. पलटणीची तार, भंगारात घेतली." मग त्यानं कुंडलिककडं पाहिलं. "मास्तर, तुमाला कळतं म्हून इचारतो. काम कसंय?"

"काम चोख आहे," कुंडलिक म्हणाला. "म्हातारीचं माघातलं गाऱ्हाणं तू ऐकलंस?"

"व्हय."

"आणि सुया बंद करायला सांगितलंस?"

"तिनं मागितलं, म्या पोचवलं. बाबा म्हनलं, म्हातारीचं काम झालं तर कोंडवली सगळी आपली. तारेला कसलं आलंय पाप?"

यावर कुंडलिक त्याला मारू शकला असता. तो कर्ण्यापाशी गेला, माइक जोडला आणि बोलला. आवाज वर्गातल्यासारखाच होता.

"तुमी लोकांनी तीन वर्षं ही तार राखली. माकडांनी तोडली, तुमी बांधली. तुमचंच दुःख तुमीच वाहून ह्यांच्या कानात घातलंत. एकच गोष्ट कुणी इचारली न्हाई. ज्याला सगळं कळतं, त्याला नाव-गाव कशाला सांगावं लागतं? आता इथून पुढं कुणी चमत्कार दाखवला तर पाया पडण्याआधी एकदा नाव चुकीचं सांगून बघा. देव असंल तर रागावणार न्हाई. आणि आजारी माणसाला दवाखान्यात न्या. बास."

तो बोलत होता तेवढ्यात वाटेच्या तोंडाशी ठकुबाई दिसली. डोंगर चढून दमलेली, घामेजलेली, रीतीप्रमाणं तोंड मिटलेलं, हात जोडलेले. तिला काहीच माहीत नव्हतं. चारशे माणसं तिच्याकडं वळली आणि कुणी काही बोललं नाही. तिला वाटलं, आपल्या मौनाचा मान राखतायत. गर्दी दोन्ही बाजूंना सरकली. ती मधल्या वाटेनं खांबापर्यंत गेली, टकल्या बाबाकडं गोंधळून पाहिलं, आणि मुलगा शोधायला लागली. गेनूनं पाठ फिरवली.

रतनबाई उठली. खोकली. तांब्यातलं पाणी ओतून फुलपात्र सासूपुढं धरलं.

"घ्या आत्याबाई. दमला असाल. तुमचं बोलणं पोचलं."

म्हातारी पाणी प्याली.

*

त्याच दुपारी कुंडलिकनं आक्काला भोरच्या दवाखान्यात नेलं. शब्द दिल्याप्रमाणं तिनं दंड पुढं केला. सुई टोचताना तिनं एवढंच विचारलं, "आता हिचा उपेग हुईल न्हवं?"

डॉक्टरीणबाईंनी तिला काट्यावर उभं केलं. माघात बेचाळीस किलो होती, आता चौतीस. थुंकीचा नमुना त्यांनी पुण्याला धाडला. जंतू वाढवून त्यांच्यावर औषध घालून बघायला दीड-दोन महिने लागतात, म्हणाल्या.

निकाल श्रावणात आला. जंतू: आहेत. स्ट्रेप्टोमायसिनचा परिणाम: नाही.